ॲडसेन्सच्या जाहिरातींवर पुन्हा पुन्हा मर्यादा येत असेल, तर काय तपासावे

ब्लॉग सुरळीत चाललेला असतो, वाचक येत असतात, महिन्याकाठी थोडेफार डॉलर जमा होत असतात आणि एके दिवशी गूगलच्या ॲडसेन्स या जाहिरातसेवेच्या खात्यात वरच्या बाजूला सूचना दिसू लागते की, या खात्यातून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींच्या संख्येवर तात्पुरती मर्यादा घालण्यात आली आहे. लेखांमधल्या जाहिरातींच्या जागा रिकाम्या पडतात आणि रोजची कमाई नगण्य होते. काही आठवड्यांनी मर्यादा आपोआप उठते, लेखक सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि दोन-अडीच महिन्यांत तीच सूचना पुन्हा हजर होते. नाशिक शहरात आणि निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत मराठीतून लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकांकडून ही अडचण मी वारंवार ऐकत आलो आहे. तिच्यावर सांगितला जाणारा "महिनाभर थांबा, सगळे ठीक होईल" हा सल्ला अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मर्यादा उठली म्हणून तिचे कारण नाहीसे झालेले नसते. वाचक कोणत्या वाटेने येतात आणि पानावर आल्यावर त्यांचे बोट कुठे पडते, या दोन गोष्टी पूर्वीसारख्याच राहिल्या, तर मर्यादाही परत येणारच.

आधी सूचना नीट वाचावी

ॲडसेन्समधील पॉलिसी सेंटर या पानावर ही सूचना सविस्तर दिलेली असते आणि ती दोन प्रकारची असू शकते. पहिला प्रकार मुख्यतः नव्या खात्यांच्या वाट्याला येतो. त्या खात्यावरील वाचकवर्ग कसा आहे, हे गूगलला अजून पारखायचे असते आणि तोवर जाहिराती मोजूनमापून दिल्या जातात. अशा वेळी दुरुस्त करण्यासारखे फारसे काही नसते. नियमित लिहीत राहावे आणि वाट पाहावी. दुसऱ्या प्रकारात मात्र 'इनव्हॅलिड ट्रॅफिक' हे शब्द स्पष्टपणे आलेले असतात. याचा अर्थ असा की, खऱ्या रसातून किंवा गरजेतून न झालेले क्लिक अथवा जाहिरातींचे कृत्रिमरीत्या वाढवलेले दर्शन गूगलच्या यंत्रणेला आढळले आहे. वारंवार परत येणारी मर्यादा बहुधा याच प्रकारची असते आणि पुढील सर्व विवेचन तिच्यासाठीच आहे.

गूगलच्या सांगण्यानुसार बहुतेक मर्यादा ३० दिवसांच्या आत उठतात, काहींना त्याहून अधिक काळ लागतो, आणि हा फेरविचार यंत्रणा आपोआप करते. या मर्यादेविरुद्ध अपील करण्याची सोय नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे अनेक जण घाईघाईने भलते मार्ग धरतात. जाहिरातींचा कोड काढून पुन्हा लावणे, ब्लॉगचे नाव बदलणे, नवे डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) घेऊन तेच लेख तिकडे हलवणे, यांपैकी कशानेही फरक पडत नाही, कारण मर्यादा खात्यावर असते. भावाच्या किंवा पत्नीच्या नावाने दुसरे खाते काढून तोच ब्लॉग त्याला जोडणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. तो निर्बंध चुकवण्याचा प्रयत्न समजला जातो आणि त्यात दोन्ही खाती कायमची बंद होऊ शकतात.

पैशाचा हिशेबही येथेच समजून घ्यावा, कारण पुष्कळसा मनस्ताप त्याच्या गैरसमजातून होतो. रोज दिसणारी रक्कम ही अंदाजित कमाई असते. महिना संपल्यावर पुढील महिन्याच्या सुरुवातीला ती अंतिम होते, आणि जमा रक्कम १०० डॉलरच्या वर गेलेली असेल, तर साधारणपणे २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पाठवली जाते. अंदाजित आणि अंतिम रकमेत जी तफावत दिसते, तिच्यात अवैध ठरलेल्या क्लिकची आणि दर्शनांची वजावट असते. हा पैसा मुळात जाहिरातदाराचा असतो, आणि ज्याला आपला माल घ्यायचाच नव्हता अशा माणसाच्या क्लिकसाठी जाहिरातदाराने पैसे का मोजावेत, हा प्रश्न रास्त आहे.

२०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्सने लेखकांना क्लिकऐवजी जाहिरातींच्या दर्शनांनुसार पैसे देण्याची पद्धत सुरू केली. तेव्हापासून "आता क्लिकला महत्त्वच उरले नाही, मग कोणी चार वेळा जास्त दाबले तर काय बिघडले?" असा युक्तिवाद ऐकू येतो. तो चुकीचा आहे. जाहिरातदारांपैकी अनेक जण आजही क्लिकनुसारच पैसे मोजतात, त्यामुळे यंत्रणेचे लक्ष क्लिकवर पूर्वीइतकेच असते. शिवाय दर्शनांचे मोल वाढल्यामुळे एकच पान पुन्हा पुन्हा ताजे (रिफ्रेश) करून पाहणे, ही सवयही आता तितकीच घातक ठरते.

सर्वांत मोठे कारण: आपलीच माणसे

मर्यादा आली की "कोणी तरी मुद्दाम करत आहे", "स्पर्धकाने क्लिकचा मारा केला" असे म्हणण्याकडे सर्वांचा कल असतो. असे कधी कधी घडतेही. परंतु मराठीतल्या लहान ब्लॉगांच्या बाबतीत मी जे पाहिले, त्यात बहुतेक वेळा घात प्रेमापोटी झालेला असतो.

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या ब्लॉगचे उदाहरण सांगतो. लेखन उत्तम, छाटणीपासून डाऊनी मिल्ड्यू या बुरशीजन्य रोगाच्या बंदोबस्तापर्यंतचे सारे स्वानुभवाचे. नवा लेख आला की, तो लगेच भाऊबंदांच्या, गावच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांत टाकला जाई. पुढील तासाभरात वाचनसंख्या एकदम उसळे आणि संध्याकाळपर्यंत शून्यावर येई. गटातले एक काका नेमाने उत्तर देत: "दादा, लेख वाचला. दोन-तीन जाहिरातींवर दाबून ठेवले आहे." काकांच्या मनात कौतुकाखेरीज काही नव्हते. यंत्रणेला मात्र एवढेच दिसते की, ठरावीक मोबाइल प्रत्येक लेखावर येतात, काही सेकंद थांबतात, जाहिरातीवर दाबतात आणि उघडलेले संकेतस्थळ लगेच बंद करतात.

ब्लॉग जितका लहान, तितका हा परिणाम मोठा. समजा, दिवसाला २०० पाने वाचली जात आहेत आणि चार नातेवाइकांनी प्रत्येकी पाच वेळा जाहिरातीवर दाबले. झाले २० क्लिक, म्हणजे पानांच्या मानाने थेट दहा टक्के. दिवसाला वीस हजार पाने वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळावर हेच २० क्लिक कोणाच्या लक्षातही आले नसते.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे एकाच नेटवर्कवरून येणारी गर्दी. स्पर्धा परीक्षांचे टिपण लिहिणारे एखादे सर कॉलेज रोडवरील आपल्या शिकवणीच्या वर्गात सर्व संगणकांवर स्वतःचाच ब्लॉग उघडायला सांगतात. तीस विद्यार्थी, एकच इंटरनेट जोडणी, एकच पान, एकच वेळ. विद्यार्थी खरे आहेत आणि वाचनही खरे आहे, तरीही बाहेरून पाहणाऱ्याला हा नमुना संशयास्पदच दिसणार. अशा वेळी मजकुराची पीडीएफ वाटावी, किंवा त्या पानापुरत्या जाहिराती बंद ठेवाव्यात. ऑटो ॲड्सच्या (गूगलने जाहिरातींच्या जागा आपोआप निवडण्याच्या सोयीच्या) मांडणीत ठरावीक पाने वगळण्याची सोय आहे आणि ती फारच थोडे लोक वापरतात.

आता हे आपल्या ब्लॉगवर घडत आहे की नाही, हे ओळखायचे कसे? वाचकांची मोजदाद करणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक ॲक्विझिशनचा अहवाल उघडावा आणि वाचक कोणत्या स्रोतातून आले ते पाहावे. येथे एक अडचण आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक कोठून आला ही माहिती सहसा सोबत येत नाही, त्यामुळे तो 'डायरेक्ट' या रकान्यात मोजला जातो आणि पत्ता स्वतः टाइप करून आलेल्या वाचकांत मिसळून जातो. यावर उपाय सोपा आहे. गटात टाकायच्या दुव्याला यूटीएम खूण (वाचक कोठून आला ते ॲनालिटिक्सला सांगणारा, दुव्याच्या शेवटी जोडायचा छोटा मजकूर) जोडावी आणि प्रत्येक गटासाठी वेगळे नाव द्यावे: नातेवाइकांसाठी एक, शेतकरी गटासाठी दुसरे, जुन्या वर्गमित्रांसाठी तिसरे. दोन-तीन लेखांतच कोणत्या गटातून वाचक येतात, किती वेळ थांबतात आणि कोणत्या गटातून आलेले लोक पानावर क्षणभरही टिकत नाहीत, हे स्वच्छ दिसू लागते. सोबत ॲडसेन्सच्या अहवालात जाहिरातीच्या जागेनुसार आणि तारखेनुसार क्लिकचे प्रमाण पाहावे. ज्या दिवशी प्रमाण अचानक चढले, त्या दिवशी दुवा कोठे टाकला होता, हे ताडून पाहिले की बहुतेक वेळा उत्तर हाती लागते.

उत्तर सापडले की, आप्तांशी स्पष्ट बोलावे लागते, आणि हेच अनेकांना अवघड जाते. गटात टाकण्यासाठी मी सुचवतो तो मजकूर असा: "सर्वांना नम्र विनंती. माझे लेख वाचून आपण मला जो आधार देता, त्याबद्दल मनापासून आभार. मात्र मला मदत व्हावी या हेतूने लेखातील जाहिरातींवर कृपया दाबू नये. तसे केल्यास माझ्या खात्यावर निर्बंध येतात. लेख आवडला तर ज्याला त्याचा उपयोग होईल अशा एखाद्या व्यक्तीला पाठवावा." एवढ्याने काम होते. जवळच्या ज्येष्ठांना मात्र प्रत्यक्ष भेटून सांगावे. "मामा, आपले प्रेम मला कळते, पण त्या दाबण्याने माझेच पैसे कापले जातात" हे समोर बसून सांगितले की ते मनावर घेतात. ब्लॉगच्या पानावर मात्र अशा सूचना लिहू नयेत. जाहिरातींकडे लक्ष वेधणारा कोणताही मजकूर तेथे नको. "आम्हाला सहकार्य करा" असे जाहिरातीशेजारी लिहिणेही नियमभंगात मोडते.

चुकून पडणारे बोट

दुसरे कारण पानाच्या मांडणीत असते आणि ते लेखकाला स्वतःच्या संगणकावर सहसा दिसत नाही, कारण मराठी वाचक मुख्यतः मोबाइलवर वाचतो. म्हणून एक प्रयोग अवश्य करावा. साधा, थोडा जुना मोबाइल घ्यावा, वाय-फाय बंद करून नेटवर्क मंद असेल अशा ठिकाणी जावे आणि आपलाच लेख उघडून अंगठ्याने खाली सरकवत वाचावा, मात्र जाहिरातीला हात लावू नये.

पुष्कळदा असे दिसते की, मजकूर आधी उमटतो, वाचक 'पुढे वाचा' या शब्दांवर अंगठा टेकवणार इतक्यात वरची जाहिरात उशिरा उमटते, सगळा मजकूर झटक्यात खाली ढकलला जातो आणि अंगठा नेमका जाहिरातीवर पडतो. वाचक चरफडत मागे फिरतो. जाहिरातदाराच्या खात्यातून मात्र पैसे गेलेले असतात. असे क्लिक हेतुपुरस्सर नसले तरी अवैधच धरले जातात. उपाय असा की, जाहिरातीचा कोड ज्या चौकटीत बसवला आहे, त्या चौकटीला किमान उंची आधीच ठरवून द्यावी. जाहिरात ३०० बाय २५० पिक्सेलची असेल, तर चौकटीची किमान उंची २५० पिक्सेल ठेवावी, म्हणजे जाहिरात उशिरा आली तरी तिची जागा राखलेली असते आणि मजकूर हलत नाही. कोडमध्ये बदल न करता बाहेरच्या चौकटीला हा नियम लावणे पूर्णपणे चालते. पान किती हलते, याचे मोजमाप गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या पान तपासण्याच्या साधनात 'क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट' या नावाने मिळते, ते ०.१ किंवा त्याहून कमी असावे.

मेनूला खेटून, पीडीएफच्या डाऊनलोड बटणाशेजारी, चित्रमालिकेतील बाणांच्या आसपास आणि पुढच्या-मागच्या लेखांच्या दुव्यांमध्ये जाहिरात ठेवू नये. बाजारभावाचे तक्ते देणाऱ्या ब्लॉगांवर हा दोष मी विशेष पाहिला आहे: लासलगावच्या कांद्याचा भाव शोधत घाईत आलेला शेतकरी 'आजचा भाव' या पट्टीवर दाबू पाहतो आणि तिच्याच खाली, तिच्याच रंगाची जाहिरात असते. रंग सारखा ठेवला की कमाई वाढते, असा सल्ला काही जण देतात. तो तत्काळ सोडून द्यावा. जाहिरातीच्या वर शीर्षक द्यायचेच असेल, तर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित दुवे' या अर्थाचेच द्यावे. 'उपयुक्त माहिती' किंवा 'हेही वाचा' असे शीर्षक वाचकाची दिशाभूल करते आणि धोरणातही बसत नाही.

विकत घेतलेले वाचक

याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अमुक रुपयांत अमुक हजार वाचक देतो असे सांगणारी सेवा, एकमेकांची पाने उघडण्याचे गट, आपोआप पाने फिरवणारी ॲप्स, हे सर्व बंद करावे. पूर्वी असे काही वापरले असेल आणि त्याची मुदत अजून संपलेली नसेल, तर ते रद्द केल्याची खात्री करावी, कारण मर्यादा पुन्हा येण्यामागे असा विसरलेला व्यवहारही असू शकतो. अहवालात एखाद्या अनपेक्षित देशातून अचानक मोठी संख्या दिसली, तर ते बहुधा बॉट, म्हणजे माणसांऐवजी पाने उघडणारे प्रोग्राम असतात. स्वतःचे डोमेन असल्यास क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेतून त्यांना अडवता येते. असा प्रकार आढळल्यास गूगलचा 'इनव्हॅलिड क्लिक्स कॉन्टॅक्ट फॉर्म' भरावा. त्याने मर्यादा उठत नाही आणि उत्तराची अपेक्षाही ठेवू नये, तरीही आपण स्वतःहून कळवले याची नोंद राहते.

मर्यादेच्या काळातील काम

हा काळ वाया घालवू नये. वाचक गटांवर अवलंबून असणे हे या दुखण्याचे मूळ आहे, तेव्हा गूगलवरील शोधातून येणारा वाचक वाढवणे हाच त्यावरचा टिकाऊ उपाय आहे. शोधातून आलेल्या माणसाला लेखकाचे नावही ठाऊक नसते. त्याला त्याच्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, आणि जाहिरात त्याच्या उपयोगाची असेल तरच तो तिच्यावर जातो. असा वाचक जाहिरातदारालाही हवा असतो.

नाशिकच्या लेखकाकडे यासाठी विषयांची वानवा नाही, फक्त ते वेळेच्या आधी लिहिले पाहिजेत. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास होते आणि फळछाटणी मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्यावरचा लेख छाटणीच्या दिवशी गटात टाकून उपयोग नाही, तो शोधात स्थिरावायला आधी काही आठवडे तरी मिळाले पाहिजेत. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी प्रदक्षिणेला श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी लोटणारी गर्दी दरवर्षी तेच प्रश्न विचारते: वाट कोणती, वेळ किती लागतो, पावसात काय सोबत न्यावे, परतीची एसटी कोठून मिळते. अशा लेखाला त्या आठवड्यात वाचकांची मोठी भर पडते. मात्र ती वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या मोबाइलवरून आणि शोधातून येते, त्यामुळे व्हॉट्सॲपच्या उसळीसारखी ती खात्याला बाधत नाही. गूगल शोधात आपला ब्लॉग कसा दिसतो हे दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये 'परफॉर्मन्स' या अहवालात लोक कोणते शब्द टाकून येतात ते पाहावे आणि ज्या प्रश्नांसाठी आपला लेख खाली दिसतो, त्यांची उत्तरे त्याच लेखात भरून काढावीत.

मर्यादा उठल्यावर सर्व जागांवर एकदम जाहिराती लावू नयेत. आधी लेखाच्या मध्यावर एकच ठेवावी, दोन आठवडे क्लिकचे प्रमाण पाहावे, ते स्थिर राहिले तर दुसरी जोडावी. ऑटो ॲड्स वापरत असल्यास जाहिरातींचे प्रमाण कमी ठेवून सुरुवात करावी. एखादी जागा लावल्यानंतरच प्रमाण बिघडले, तर दोष कुठे आहे ते लगेच कळते. पाच जागा एकाच दिवशी सुरू केल्या, तर काहीच कळत नाही.

थेट जाहिरातीचा आधार

ज्याची सारी कमाई एकाच खात्यातून येते, त्याला मर्यादेचा महिना फार जड जातो. म्हणून स्थानिक व्यावसायिकांकडून थेट जाहिरात घेण्याची तयारी प्रत्येकाने ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो. ॲडसेन्ससोबत दुसऱ्या जाहिराती दाखवण्यास मनाई नाही. त्या गूगलच्या जाहिरातींसारख्या दिसू नयेत आणि पानावर मजकुरापेक्षा जाहिराती जास्त होऊ नयेत, एवढी काळजी घ्यावी. द्राक्षशेतीच्या ब्लॉगसाठी पिंपळगाव बसवंतचा ठिबकचे साहित्य विकणारा दुकानदार किंवा परिसरातील रोपवाटिका, पर्यटनाच्या ब्लॉगसाठी पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर येथील निवासव्यवस्था किंवा गाडी भाड्याने देणारे, असे ग्राहक हाकेच्या अंतरावर आहेत. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने या व्यावसायिकांना बाहेरगावचा वाचक हवाच आहे, आणि तो शोधातून ज्या ब्लॉगवर येतो, त्या ब्लॉगवरची जागा त्यांच्यासाठी मोलाची आहे.

व्यवहार मात्र लेखी असावा. जाहिरात कोठे दिसेल, तिचा आकार किती, ती किती महिने राहील, रक्कम किती आणि ती कधी मिळेल, हे एका कागदावर घ्यावे. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने घ्यावेत आणि पावती द्यावी, कारण ॲडसेन्सच्या डॉलरइतकेच हे उत्पन्नही प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचे असते. चित्रावर 'जाहिरात' असे ठळकपणे लिहावे आणि दुव्याच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावावी. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी गूगलने ती २०१९ मध्ये आणली आणि ती न लावल्यास शोधातील स्थानाला धक्का बसू शकतो. दर ठरवताना महिन्याची एक ठोक रक्कम सांगावी. दुकानदार "जितके क्लिक तितके पैसे" असे सुचवील आणि ते ऐकायला न्याय्यही वाटेल, परंतु तो मार्ग स्वीकारला की, तेच काका आणि तेच मामा मदतीला पुन्हा धावून येतील. त्याऐवजी महिनाअखेरीस त्या पानाला किती वाचक आले आणि ते कोणत्या गावांतून आले, याचा ॲनालिटिक्समधील तक्ता दुकानदाराला पाठवावा आणि पुढील महिन्याचा दर त्यावर ठरवावा.